डॉल्फिन राहू द्या, आधी पक्षी बघा

बोट धक्क्यावरून सुटायच्या आत कुणीतरी विचारतंच, "डॉल्फिन नक्की दिसतील ना?" तांडेल बिचारा हो म्हणतो. दुसरं काय म्हणणार? मी तेवढ्यात मागच्या कठड्यापाशी जागा धरते. पुढचं टोक सगळ्यांना हवं असतं, पण हेलकावे तिथेच जास्त. मळमळीची गोळी घ्यायची तर निघण्याआधीच. पोट ढवळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. मग मोबाइल खिशात आणि नजर क्षितिजावर.

दुर्बीण आठ पटीची पुरे. बारा पटीची मिरवायला छान, पण हलत्या डेकवर तिच्यातून नुसता समुद्र नाचताना दिसतो. आणि "तो बघ, तो बघ" असं ओरडू नका हो! तिथे खूण सांगायला झाड नाही की खांब नाही. बोट म्हणजे घड्याळ समजा: बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवा कठडा तीन, मागची बाजू सहा. "दोन वाजता, क्षितिजाच्या जरा खाली" म्हटलं की सगळ्यांना पक्षी सापडतो.

माझा जीव अडकलाय तो विल्सन्स स्टॉर्म पेट्रलमध्ये. जेमतेम चाळीस ग्रॅमचा काळसर पक्षी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. घरटं अंटार्क्टिकाच्या बाजूला, आणि विणीचा हंगाम सरला की विषुववृत्त ओलांडून थेट उत्तरेकडे. खायला उतरला की पंख वर धरून पाय लोंबते सोडतो आणि पाण्यावर टपटप पावलं टाकत राहतो. बोटीजवळ आला आणि नशीब जोरावर असलं, तर बोटांमधला पिवळा पडदाही दिसतो.

त्याला बोलवायची युक्ती म्हणजे माशाचं तेल. इंजिन बंद करून पाण्यावर थोडं तेल सोडायचं आणि वारा जिकडे वाहतोय तिकडे बघत बसायचं. पेट्रल वास हुंगत, नागमोडी उडत, तिकडूनच येतात. वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, खाल्लं जाताना त्यातून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. म्हणजे जिथे हा वास, तिथे खाणारे बारीक जीव, म्हणजेच पेट्रलचं जेवण. संशोधक गॅब्रिएल नेविट आणि सहकाऱ्यांनी दक्षिण महासागरात प्रयोग करून हे 1995 मध्ये मांडलं. पुढे तरंगत्या प्लॅस्टिकलाही हाच वास धरतो असं आढळलं. पक्षी ते का गिळतात, याचं एक कारण तिथे सापडतं.

बरं, डॉल्फिनच हवेत? तरी पक्षीच बघा. सुरय (टर्न पक्षी) एकाच जागी घिरट्या घालत धडाधड सूर मारत असतील, तर खालून कुणीतरी मासे वर रेटतंय. कधी मोठे मासे, कधी डॉल्फिन. अशा गर्दीत स्कुआ, म्हणजे समुद्रावरचा लुटारू पक्षी, आला तर मजाच. तो अशा वेळी स्वतः मासा धरायच्या फंदात फारसा पडत नाही. सुरयाच्या मागे लागून त्याला इतकं पिडतो की तो चोचीतला मासा टाकतो, आणि हा पठ्ठ्या तो पाण्यात पडायच्या आत झेलतो.

डॉल्फिन दिसले की चांगला तांडेल वेग कमी करून बाजूने चालतो, त्यांची वाट आडवत नाही. पिल्लू असेल तर आणखी लांबून. त्यांना वाटलं तर ते आपणहून बोटीच्या नाकाशी येऊन खेळतात. म्हणून तिकीट काढण्याआधी एवढंच विचारा, "इंजिन बंद करून किती वेळ थांबता?" उत्तर "थांबायचं कशाला?" असं आलं, तर दुसरी बोट शोधा.