किल्ली फिरवली आणि फक्त 'टक'

आज सकाळी किल्ली फिरवल्यावर गाडीतून फक्त एक 'टक' असा आवाज आला आणि इंजिन जागचे हलले नाही. बॅटरी उतरली असावी, हा पहिला तर्क लगेच खोटा ठरला, कारण किल्ली फिरवतानाही हेडलाइटचा उजेड मंदावत नव्हता आणि मल्टिमीटरवर बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवत होती. ओळखीच्या मेकॅनिकने फोनवरच 'स्टार्टर (इंजिनला पहिले फेरे देणारी मोटर) गेला, बदलून टाका' असा निकाल दिला. परंतु आवाज येतो म्हणजे सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला प्रवाह जोडून देणारा विद्युतचुंबकी स्विच, ओढला जातो आहे, मग मोटर का फिरत नाही, हे कळल्याशिवाय खर्च करायला मन तयार होईना.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आणि हँडब्रेक ओढून मी मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर टेकवली व पत्नीला किल्ली फिरवायला सांगितले. जिथे अर्धा व्होल्टही दिसायला नको, तिथे आकडा ३ च्या वर गेला! स्टार्टर १५० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, त्यामुळे अर्थिंगच्या, म्हणजे इंजिनपासून बॅटरीच्या ऋण टर्मिनलपर्यंत प्रवाह परतण्याच्या वाटेत ०.०२ ओहम इतका क्षुल्लक वाटणारा रोधही ३ व्होल्ट गिळून टाकतो.

गिअरबॉक्सवरचा अर्थिंगचा बोल्ट अनेक पावसाळ्यांच्या गंजाने पार माखला होता. बॅटरीची ऋण वायर काढून बोल्ट व लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासले, घट्ट आवळले, आणि इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झाले. मेकॅनिकला मात्र अजून फोन केलेला नाही.