शेवटची पंधरा मिनिटं

स्मरणिका समितीने पत्रात विषय मोकळा ठेवला आहे. पण शारदाश्रम शाळेच्या आणि त्यातही क्रिकेटच्या नादी लागलेल्या मुलाला विषय निवडायला फारसा वाव नसतोच. बाकीच्या गुरुजनांनी, विशेषतः आमच्या गणितामुळे केस पिकलेल्यांनी, मोठ्या मनाने माफ करावं. मी सचिन तेंडुलकरला घडवणाऱ्या आमच्या क्रिकेट प्रशिक्षकांवर, रमाकांत आचरेकर सरांवरच लिहिणार.

सरांची गोष्ट निघाली की रुपयाचं नाणं येतंच. मधल्या स्टंपवर नाणं ठेवायचं, बाद करील त्याचं, नाबाद राहिला तर फलंदाजाचं. सचिनने अशी 13 नाणी जपून ठेवली, हे पोराटोरांनाही पाठ आहे. राहून जातं ते हे, की हा खेळ सर कधी लावायचे आणि मैदानावर तेव्हा किती माणसं असायची.

नाणं यायचं संध्याकाळच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत. उन्हाळी सुट्टीत सचिनचा दिवस सकाळी साडेसातला सुरू व्हायचा. दहापर्यंत नेट्समध्ये पाच वेळा फलंदाजी, मग थेट साडेचारपर्यंत सराव सामना. मध्ये अर्धा तास सुटका. खूश असले तर वडापावला पैसे सरच द्यायचे. पाच ते सात पुन्हा नेट्स, पुन्हा पाच वेळा. एवढं झाल्यावर पाय जड, खांदे आखडलेले, लक्ष घराकडे, आणि तेव्हा नाणं स्टंपवर चढायचं. क्षेत्ररक्षणाला अकराच हवेत असला नियम नव्हता. शिवाजी पार्कवर हजर असलेली सगळी पोरं आत. झेल कितीही लांब जाऊन घेतला तरी बाद. म्हणजे उचलून मारायची सोयच नाही. चेंडू जमिनीलगत ठेवायचा आणि तोही माणसांच्या मधून काढायचा. संपल्यावर पॅड आणि ग्लोव्हज न काढता मैदानाला दोन फेऱ्या.

आता अकादम्यांमधून हे नाणं सर्रास दिसतं. सत्राच्या सुरुवातीलाच, ताज्या दमाच्या मुलासमोर, जाळीच्या आत, क्षेत्ररक्षक एकही नाही. असं केलं की मुलगा चार चेंडू ठोकळ्यासारखा अडवतो, नाणं खिशात घालतो आणि त्याला वाटतं दडपण पेललं. दमलेल्या शरीराकडून अचूक फटका काढून घेणं हा त्या युक्तीचा जीव होता. तो काढला की राहतो निव्वळ रुपया.

सरांचा खरा भर मात्र नेट्सवर नव्हताच, सामन्यांवर होता. एका सुट्टीत साठ दिवसांत सचिन 55 सराव सामने खेळला. ही व्यवस्था सर स्वतः लावायचे. स्कूटरवर मागे बसवायचं, या मैदानावरून त्या मैदानावर न्यायचं, तिथल्या कप्तानाशी आधीच बोलून ठेवायचं की हा चौथ्या क्रमांकावर खेळेल. चौथाच का? कारण चौथ्याला काय वाढून ठेवलंय ते कधीच ठाऊक नसतं. 10 धावांत दोन गेलेले असतील किंवा 150 वर दोन. नेट्समध्ये तंत्र घासून निघतं, पण धावफलक नसतो, भागीदार नसतो, आणि चूक केली तरी पुढचा चेंडू मिळतोच. सामन्यात बाद झालं की झाडाखाली बसावं लागतं.

झाडावरून आठवलं. सामना चालू असताना सर समोर नसायचेच. कुठल्यातरी झाडाआड उभे राहून बघायचे. डोक्यावर टोपी, हातात कागदाचा चिटोरा. कोणाचा पाय हलला नाही, कोण आडव्या बॅटने खेळला, सगळं टिपलेलं. संध्याकाळी त्या चिटोऱ्याचं वाचन व्हायचं. ‘छान खेळलास’ हा शब्दप्रयोग त्यात सापडणं अवघड.

आणि तरीही हेका धरायचे नाहीत. सचिन बॅटची मूठ फार खाली धरायचा, कारण लहानपणी हाती मोठ्या भावाच्या जड बॅटी आलेल्या. पोराला तोल सांभाळायला हात खाली घ्यावाच लागे. सरांनी बदलायला सांगून पाहिलं. त्याला अवघडल्यासारखं होतंय हे दिसल्यावर विषय सोडून दिला. पुस्तकी पकडीचा हट्ट धरला असता तर काय झालं असतं, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

पीचला पाणी घालणं, रोलर ओढणं, जाळ्या लावणं ही कामंही मुलांचीच. माती फार ओली असताना रोलर फिरवला की ती रोलरला चिकटून वर येते, पार वाळल्यावर फिरवला तर दबतच नाही. मधली वेळ साधली तरच चेंडू सरळ येतो. खेळपट्टी वाचायला शिकण्याचा याहून स्वस्त वर्ग नसेल.

शाळेच्या इतिहासातला तो सामना वगळून चालणार नाही. फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेची उपांत्य फेरी, समोर सेंट झेवियर्स. 84 वर दोन गेले आणि पुढे सचिन नाबाद 326, विनोद कांबळी नाबाद 349, दोघांची अभेद्य भागीदारी 664. डाव सोडा म्हणून बाहेरून खुणा चालल्या होत्या, पण दोघे तिकडे बघतील तर शपथ! शेवटी सरांच्या हुकुमाने 2 बाद 748 वर डाव सोडला. विनोदच्या 350 ला एक धाव कमी होती. त्यानेच मग 37 धावांत 6 बळी घेतले.

त्या डावात पॅड बांधून ताटकळत बसलेला पुढचा फलंदाज अमोल मुजुमदार. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक होता तोच. 2007 च्या टी-ट्वेंटी विश्वविजेत्या संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून सरांचाच लालचंद राजपूत होता. चंद्रकांत पंडितने मुंबईला, विदर्भाला आणि मध्य प्रदेशला रणजी करंडक जिंकून दिला. प्रवीण अमरे, पारस म्हांब्रे, संजय बांगर, रमेश पोवार, सगळे पुढे शिकवायला लागले. सरांची कसोटीपटूंची यादी सगळेच काढतात. मला ही दुसरी यादी जास्त मोलाची वाटते. मालवणात 1932 साली जन्मलेला, स्टेट बँकेत नोकरी केलेला, प्रथम श्रेणीचा जेमतेम एक सामना खेळलेला माणूस इतके प्रशिक्षक घडवून गेला.

1990 चा द्रोणाचार्य आणि 2010 ची पद्मश्री मिळाली. 2 जानेवारी 2019 ला सर गेले तेव्हा शासकीय इतमाम मात्र मिळाला नाही. त्याची चीड अजून जात नाही. पोरांनी बॅटी उंच धरून निरोप दिला, तेवढं पुरे म्हणायचं. डिसेंबर 2024 मध्ये शिवाजी पार्कच्या पाच नंबर गेटजवळ स्मारकही झालं.

समितीला एक विनंती. सरांच्या नावाने आणखी एक ढाल देऊ नका. मे महिन्यात सोळा वर्षांखालच्या मुलांना रोज एक पूर्ण दिवसाचा सराव सामना मिळेल इतकी मैदानं आरक्षित करून द्या, आणि चौथ्या क्रमांकावर रोज नवा मुलगा पाठवा.