तुम्ही विचारलंत म्हणून : पट्ट्यांना पायरी का पडते?

मी विणलेली पट्ट्यापट्ट्यांची, मागे लोंबणारी सैल टोपी हातात घेतली की विणकाम करणाऱ्या बहुतेक जणी ती आतून-बाहेरून नीट पाहतात आणि मग विचारतात, "गोल सुईवर विणूनही तुमचे पट्टे फेरीच्या जोडावर जुळतात कसे? आमच्याकडे तिथे पायरी पडते."

पायरी पडणे ही विणणारीची चूक नव्हे. गोल सुईवरची, म्हणजे लवचिक दोरीने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर सलग गोल विणलेली टोपी म्हणजे एकावर एक रचलेल्या बांगड्या नसतात. काठापासून शेंड्यापर्यंत चढत जाणारे ते एकच वेटोळे असते. म्हणून फेरीचा शेवटचा टाका पहिल्या टाक्याशेजारी येऊन पोहोचतो, तेव्हा तो त्याच्यापेक्षा एका ओळीने वर असतो. टोपी एकरंगी असेल तर हे ध्यानातही येत नाही, पण रंग बदलला की तोच एका ओळीचा फरक डोळ्यांत भरतो. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या, रंगीत नक्षीच्या फेअर आइल स्वेटरमध्ये फेरीची सुरुवात कुशीला, बगलेच्या रेषेत ठेवून तो झाकता येतो. टोपीला बगल नसते, त्यामुळे तिथे टाक्यांतच उपाय करावा लागतो.

मी करते ते असे. नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी पूर्ण विणायची. दुसऱ्या फेरीच्या आरंभी, पहिल्या टाक्याच्या बरोबर खालचा जुन्या रंगाचा टाका उजव्या सुईच्या टोकाने उचलून डाव्या सुईवर घ्यायचा आणि ते दोन्ही मिळून एक सुलट विणायचा. जुना रंग त्या जागी एक ओळ वर ओढला जातो आणि पायरी जवळजवळ दिसेनाशी होते. मात्र त्या उभ्या रेषेत दर पट्ट्यामागे एक ओळ कमी पडते. आठ-दहा पट्टे एकाच जागी बदलले तर कापड तिथे आखडते, म्हणून मी दर वेळी फेरीची खूण एक टाका डावीकडे सरकवते. माझ्या भाचीसाठी विणलेल्या पहिल्या टोपीत मी ती सरकवली नव्हती, आणि ती टोपी आजही एका बाजूला किंचित ओढल्यासारखी दिसते, याची मला खंत वाटते.

एकेका ओळीचे पट्टे हवे असतील तर ही युक्ती चालत नाही, कारण त्या रंगाची दुसरी फेरीच नसते. तेव्हा दोन गुंडे घ्यावेत : निळ्याने एक फेरी विणून तो धागा सोडावा, तिथून पांढऱ्याने पुढची फेरी विणत निळ्यापाशी यावे, आणि धाग्यांना पीळ न देता, न ओढता, पुन्हा निळा उचलावा. दोन्ही रंग आपापल्या वेटोळ्याने शेजारी-शेजारी चढत जातात आणि पायरी पडायला जागाच उरत नाही. विणकामात मला याहून सुंदर काही ठाऊक नाही.

मग दोन सुयांवर सपाट विणून शिवून का टाकू नये, असेही विचारले जाते. पट्टे त्यात अचूक जुळतात, हे खरे. पण सैल टोपी मागे पडते ती कापडाच्या मऊपणावर, आणि शिवणीची कडक रेघ ते पडणे अडवते. शिवाय गोल विणताना वरचा सगळा भाग निव्वळ सुलट टाक्यांचा होतो.

माप विचाराल तर, 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसणाऱ्या लोकरीसाठी मी 10 नंबरच्या गोल सुईवर 96 टाके घालून 4 सेंटिमीटर एक सुलट-एक उलट काठ विणते. मग थोड्या जाड, 8 नंबरच्या सुईवर दर तीन टाक्यांमागे एक वाढवून 128 करते, 14 सेंटिमीटर सरळ विणते आणि पुढे एक फेरी सोडून एक, दर फेरीत आठ टाके कमी करते. टोपीची लांबी साधारण 28 सेंटिमीटर भरते, म्हणूनच ती मागे लोंबते.

चार फेऱ्यांपर्यंतच्या पट्ट्यांसाठी धागा कापू नका, आतून सैलसर वर न्या. कापावाच लागला तर टोक 15 सेंटिमीटर ठेवा आणि ते जोडाच्या पलीकडच्या बाजूला, त्याच रंगाच्या टाक्यांत ओवा. उरलेली बारीकशी फट त्यानेच मिटते.