यादी संपलेलं बेट

अंदमानच्या कुठल्याही सहलीचा कार्यक्रम उघडून बघा. पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल, मग हॅवलॉक, मग नील, मग परत. हॅवलॉकला ऐसपैस मुक्काम असतो आणि उरलासुरला वेळ नीलच्या वाट्याला येतो. काही कार्यक्रमांत तर एका क्रूझमधून उतरून दुसरीत चढेपर्यंतच नील उरकतात. सामान जेट्टीवर, माणसं रिक्षात, तीन किनारे, एक शहाळं, चला. दोन्ही बेटं एकमेकांपासून बोटीने तासाभराच्या अंतरावर, समुद्र तोच, वाळू तीच. तरी एकीकडून दुसरीकडे गेलं की सुट्टीची जातच बदलते.

आधी नावांचं उरकून घेते. हॅवलॉकचं आता स्वराज द्वीप झालंय आणि नीलचं शहीद द्वीप. ३० डिसेंबर २०१८ रोजी ही नावं दिली गेली. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला त्याला त्या दिवशी ७५ वर्षं पूर्ण झाली. २०२४मध्ये खुद्द पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. कागदावर नवी नावं आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी जुनी, असं सध्या चाललंय, म्हणून मीही जुनीच वापरतेय. प्रेम म्हणून नव्हे. हॅवलॉक म्हणजे १८५७मध्ये कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेवर चालून गेलेला जनरल, आणि नील म्हणजे अलाहाबाद-कानपूरकडे लोकांना फासावर लटकवत सुटलेला अधिकारी. दोघांचं आपसांतही पटत नव्हतं. त्याच वर्षी दोघंही लखनौला संपले, नील गोळीने आणि हॅवलॉक हगवणीने. त्यातल्या जास्त क्रूर माणसाचं नाव जास्त निवांत बेटाला मिळावं, याला काय म्हणायचं!

गावांची नावं मात्र गोड आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बेटांवर वसवलं. हॅवलॉकवर गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. नीलवर रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. म्हणजे एक बेट कृष्णाचं आणि एक रामाचं. ही वाटणी कुणी केली असेल त्याला पुढचं सगळं आधीच दिसलं असणार, असं मला उगीच वाटतं. कारण कृष्णाच्या बेटावर लीलांना तोटा नाही.

हॅवलॉकला जेट्टीवर पाय ठेवताच आपण कुणाच्या तरी यादीत असतो. नावाची पाटी घेतलेला माणूस, गाडीचा नंबर, हॉटेलचं व्हाउचर, उद्याच्या बोटीचं व्हाउचर. किनाऱ्यांनाही तिथे नंबर आहेत. तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर. त्यातलं सात नंबर म्हणजे राधानगर, ज्याला ‘टाइम’ने २००४मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि २०२०मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकनही मिळालं. अशा बिरुदावल्या ऐकल्या की मी जरा नाक मुरडतेच, पण राधानगरपुढे मुकाट्याने मान तुकवली. मागे उंच झाडांची भिंत, पुढे पिठासारखी वाळू, आणि किनारा इतका लांबरुंद की दोन-चार बसभर माणसं येऊन सांडली तरी तो रिकामाच दिसतो. तिथे दिवसभर बसावं. पण बसू कोण देतं? तासाभरात गाडीवाला हॉर्न देतो, कारण पुढे कालापत्थरचा किनारा आहे, आणि कालापत्थर झाल्यावर स्कूबाची वेळ गाठायचीय.

एलिफंट बीचचा प्रकार तर बघण्यासारखा. पूर्वी लाकूडतोडीच्या कामाला या बेटांवर हत्ती आणले होते. त्यातला राजन नावाचा हत्ती समुद्रात पोहण्यासाठी जगभर प्रसिद्ध झाला. तो २०१६मध्ये गेला. आता त्या किनाऱ्यावर माणसं पोहतात, तीही ट्यूबला धरून. स्पीडबोटीतून उतरलं की काउंटर, काउंटरवर टोकन, टोकनावर आधीच्या माणसाच्या अंगातून नुकतं उतरलेलं ओलंगार लाइफ जॅकेट. मग ‘स्नॉर्केलिंगवाले इकडे, सी वॉकवाले तिकडे, जेट स्कीवाले थांबा’. तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क, आणि आपल्या ट्यूबची दोरी धरून पुढे पोहणारा एक मुलगा, जो दर दोन मिनिटांनी पाण्याखालून अंगठा वर करून विचारतो की ठीक आहे ना. बोलता येत नसल्यामुळे आपणही अंगठा दाखवतो.

आमच्याबरोबर माझी मावशी होती. सत्तरी उलटलेली, पोहता न येणारी. ती सगळ्यांच्या चपला आणि पाकिटं सांभाळत किनाऱ्यावर बसणार असं ठरलं होतं. थोडा वेळ तिने ते केलंही. मग पदर खोचून उठली, चपला माझ्या नवऱ्याच्या ताब्यात दिल्या आणि काउंटरवर जाऊन टोकन घेऊन आली. “अहो मावशी, नाकात पाणी जाईल,” असं तो म्हणेपर्यंत ती कंबरभर पाण्यात. बाहेर आली तेव्हा मास्कचा गोल वळ चेहऱ्यावर उमटलेला आणि तोंडभर हसू. “अगं, खाली नुसता बाजार भरलाय माशांचा!” त्यानंतर संध्याकाळपर्यंत तिने आणखी काय काय करता येतं याची चौकशी चालवली. रात्रीच्या अंधारात कयाकमधून चमकतं पाणी बघायला नेतात हे कळल्यावर तर आम्हाला तिला आवरावंच लागलं.

हॅवलॉकची गंमत अशी की तिथे कितीही केलं तरी काहीतरी राहतंच. आपण एक करून येतो तोवर शेजारच्या टेबलावरचे लोक दुसरंच काहीतरी करून आलेले असतात आणि ते कसं ‘मस्ट’ होतं हे मोठ्याने सांगत असतात. मी तिथे मजा केली, खोटं कशाला बोलू. पण तिथून निघताना मला हवी होती ती सुट्टी. म्हणजे सुट्टीत असताना सुट्टी.

ती नीलने दिली, आणि दिली म्हणजे अक्षरशः गळ्यात मारली. बेट इतकंसं की स्कूटीवर या टोकाकडून त्या टोकाकडे जायला पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ. जेट्टीलगत भरतपूर, सूर्योदयाला सीतापूर, सूर्यास्ताला लक्ष्मणपूर. एवढ्यात यादी संपते. उरतो तो लक्ष्मणपूरचाच दुसरा किनारा, खडकाच्या नैसर्गिक कमानीचा. बंगाली मंडळींनी तिला हावडा ब्रिज करून टाकलंय. तिथे मात्र कुणाच्या व्हाउचरवरची वेळ चालत नाही. ओहोटी असेल तरच पुढे जाता येतं. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे आज दहाला जमलं म्हणून उद्या दहाला जमेलच असं नाही. आम्ही पोचलो तेव्हा पाणी अजून उतरत होतं. वाटाड्या म्हणाला, थांबा. मी विचारलं, किती वेळ? तो समुद्राकडे बघून म्हणाला, “उतरेल तेव्हा.” हॅवलॉकला असं उत्तर कुणी दिलं असतं तर मी भांडले असते.

पाणी उतरलं आणि खडकांच्या खळग्यांमध्ये एकेक माणूसभर जग उघडं पडलं. वाटाड्या काठीने दाखवत होता, पण काठी कशालाही लागू देत नव्हता. एका खळग्यात काळपट जाड वळकटीसारखा समुद्रकाकडी नावाचा प्राणी पडलेला. दुसऱ्यात खडकात रुतलेला मोठा शिंपला, दोन्ही कडा नागमोडी, आणि त्यांच्या मधून बाहेर आलेले मखमली ओठ, निळे-जांभळे, वर हिरवट ठिपके. मी वाकले, माझी सावली पडली आणि ते ओठ चटकन आत गेले. सावली काढली, तर हळूहळू पुन्हा बाहेर. मी पुन्हा वाकले. तो पुन्हा मिटला. वाटाड्याने ‘बस झालं मॅडम’ अशा नजरेने बघितलं तेव्हा मी उठले. तिथल्या शंखशिंपल्यांना आणि मेलेल्या प्रवाळाला हात लावला तरी खिशात घालायचं नाही. परतताना विमानतळावर सामानातून काढून घेतात. ते बरंच आहे. नाहीतर आपण लोकांनी ती दोन्ही बेटं शोकेसमध्ये आणून ठेवली असती.

कमान बघून झाली आणि घड्याळात दुपारचं जेवणही लांब होतं. आता? आता काहीच नाही. सवय नसलेल्या माणसाला हा धक्का मोठा असतो. नवऱ्याने आधी मोबाइल काढला. रेंज येऊन-जाऊन. २०२० साली चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकून अंदमान-निकोबारची काही बेटं जोडली, त्या यादीत हॅवलॉक होतं, नील नव्हतं. तेव्हा तोही मार्ग धड नाही. मग त्याने झावळ्यांच्या छपराखाली खुर्ची ओढली आणि पाहता पाहता घोरायला लागला. मी पुस्तक उघडलं, मिटलं, समुद्राकडे बघितलं, पुन्हा उघडलं. हे असं किती वेळ चाललं कोण जाणे. नील हे अंदमानचं भाजीपाल्याचं आगर मानलं जातं, त्यामुळे समुद्रापासून चार पावलं आत वळलं की दुधी-भोपळ्यांचे मांडव, केळी, सुपारी आणि रस्त्यात आडवी बसलेली गाय. समुद्राला आलोय की आजोळी, तेच कळेना.

आणि दिवस तिथे लवकर संपतो, हे आपल्याकडच्या माणसाच्या लक्षात येत नाही. अंदमान मुंबईच्या वीसेक रेखांश पूर्वेला. सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तासाहून अधिक आधी उगवतो, घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. चहाचा कप हातात, आणि बाहेर काळोख. हॅवलॉकला मला याचा राग आला होता, कारण यादीतला एक तास कुणीतरी चोरला होता. नीलला त्याच तासाचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. सहा वाजता आपण जेवणाबद्दल बोलू शकतो आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही.

आता ओळखीचे लोक अंदमानला निघाले की विचारतात. नील गाळलं तर चालेल का? मी सांगते, गाळू नका, पण आधी हॅवलॉक करा. आधीच नीलला गेलात तर तिथे बसल्या बसल्या राहून गेलेल्या गोष्टी डोक्यात घोळत राहतील. हौस फिटल्याशिवाय स्वस्थ बसता येत नाही, निदान मला तरी. नवरा म्हणतो, दोन्ही ठिकाणी सारखाच मुक्काम ठेवा. त्याला खुर्चीतली झोप आठवत असणार.

परवा एका लग्नात एक नवं जोडपं हाच प्रश्न घेऊन आलं. मी माझं पुराण सुरू करणार तोच मावशी मध्ये पडली. “हॅवलॉकलाच राहा रे. नीलला काय, नुसतं बसायचं. बसायला घर काय वाईट आहे?” मी बघतच राहिले. तिथे त्या घरगुती मुक्कामाच्या ओसरीवर यजमानीणबाईंबरोबर अख्खी दुपार बसून, त्यांचं बंगाली-हिंदी आणि हिचं मराठी-हिंदी जुळवत खिदळणारी हीच होती. तसं मी तिला म्हटलंसुद्धा. “हो, मग? ती दुधीत कोलंबी घालत होती, ते बघायचं होतं मला,” मावशी म्हणाली, आणि त्या मुलीकडे वळून कोलंबी आधी हळद-मीठ लावून कशी परतून घ्यायची ते सांगायला लागली.