रिकामा कप

दुपारची जेवणं उरकली की आत्या मालिकेचा आदल्या रात्रीचा भाग लावते आणि पाच मिनिटांत घोरायला लागते. मग बघायचं काम माझ्याकडे. परवा त्यात सासूबाई सुनेच्या खोलीत चहाचा ट्रे घेऊन आल्या. जिना चढल्या, गर्रकन वळल्या, दारात उभं राहून चार टोमणे मारले, पण कपातला चहा काही डुचमळला नाही. डुचमळणार कुठून? कपात चहाच नव्हता. सुनेनं तो कप दोन बोटांनी सुपारी उचलावी तसा उचलला, ओठांना टेकवला, लगेच वाक्य बोलली आणि कप बशीत ठेवला. टण्. भरला कप असा वाजत नाही.

"रिकामा आहे," मी मोठ्यानं म्हणाले.

"काय रिकामं?" आत्या जागी झाली.

"कप."

"आगं त्यांची भांडणं बघायची सोडून तू कप काय बघतीस?"

बघते खरी. नाटक असो, सिनेमा असो, कुणी कप उचलला की माझा जीव त्या कपात अडकतो. सुटकेसचंही तसंच. माणूस कायमचं घर सोडून निघालेला आणि बॅग करंगळीवर. पण कपाइतका संताप बॅगेचा येत नाही.

हा रोग मला मास्तरांनी लावला. मास्तर कोल्हापुरात, शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते आणि संध्याकाळी सातनंतर दिग्दर्शक. गुळाचा हंगाम आणि राज्य नाट्य स्पर्धा, दोन्ही दिवाळीनंतरच यायचे. त्यामुळे मास्तर तालमीला यायचे ते सौद्यातनं थेट, शर्टाला गुळाचा वास घेऊन. मंगळवार पेठेतल्या एका शाळेत बाकं भिंतीला सारून तालीम चालायची. बाबांना नाटकात काम असायचं, मी शेपटासारखी मागे. नुसती बसते म्हणून मास्तरांनी मला प्रॉपर्टीवर नेमलं. काठी, चष्मा, पत्राचं पाकीट, कपबशा. परकर-पोलक्यातली मी ती पिशवी पोटाशी धरून बसायची.

त्या वर्षी नाटकातला घरमालक बँकेत नोकरीला असलेले एक काका करत होते. प्रवेश साधा. भाडेकरूकडे यायचं, चहा घ्यायचा आणि घर खाली करा म्हणून सांगायचं. काकांनी कप उचलला, तोंडाला लावला आणि घर खाली करायला सांगितलं.

"थांब," मास्तर म्हणाले. "चहा गरम हुता का गार?"

"मास्तर, चहा कुठाय? तालीम आहे."

"तेच म्हंतो मी. गरम हुता का गार?"

काका गप्प. "घरला जा," मास्तर म्हणाले, "वैनी च्या देतील. कसा पितोस ते बघ आणि उद्या ये."

दुसऱ्या दिवशी काका जरा ओशाळूनच आले. "मास्तर, मी घरी बशीतनं पितो." सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. "मग मालक बी बशीतनंच पिणार." आणि तो प्रवेश पार बदलून गेला. मालक बशीत चहा ओतायचा, बशी दोन्ही हातांनी उचलायचा, फुंकर मारायचा, एक घोट सुर्रकन ओढायचा. भाडेकरू नवराबायको तोवर ताटकळत उभे. दुसरी फुंकर. मग अगदी सहज, "तेवढं घराचं बघा मग." स्पर्धेत केशवरावला, म्हणजे आमच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, त्या पहिल्या फुंकरीला हशा आला आणि दुसरीला थिएटर चिडीचूप झालं. विंगेत पिशवी धरून उभ्या असलेल्या मला वाटलं, हे मी केलं. बशी माझी होती ना!

खरा चहा मात्र मास्तर देत नसत. नट चव घेत बसतो म्हणायचे. अडतीवरून आणलेला काळा गूळ कोमट पाण्यात कालवायचा, चहाचा रंग आला पाहिजे, आणि कप अर्धाच भरायचा. "हाताला वजन पायजे, जिभंला लाड नको." काढायला सांगायचे मला. "किती गूळ?" "रंग ईस्तवर." "घालतो की मास्तर."

मास्तरांच्या बोलण्यात अधूनमधून एक 'स्टॅनिसलाव साहेब' यायचे. मला कितीतरी दिवस वाटायचं, हे मार्केट कमिटीतले कुणी असणार. पुढे वाचनात आले तेव्हा ओळख पटली. स्टॅनिस्लावस्की, अभिनय शिकवणारे रशियन नट-दिग्दर्शक, जन्म १८६३. १८९८ साली नेमिरोविच-दानचेन्कोंच्या जोडीनं मॉस्को आर्ट थिएटर काढलेले. घरचा धंदा सोन्याचांदीची जर काढण्याचा. दिवसा जरीचा कारखाना आणि बाकी वेळ नाटक, हे वाचल्यावर आमचे गुळाचे दिवाणजी त्यांना एवढे जवळचे का मानायचे ते कळलं. साहेब विद्यार्थ्यांना नसलेले पैसे मोजायला लावत. हातात काही नाही, पण गड्डीची दोरी सोडायची, नोटा एकेक करून सरकवायच्या. जरा घाई केली की पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेत त्यांच्या विचारातून आपली वेगळी पद्धत काढणाऱ्या ली स्ट्रासबर्गचा धडा तर, वाचताना मी उडालेच, सकाळच्या पेयाचा आहे. चहा, कॉफी, जे कोण घेत असेल ते. कप नसताना कप धरायचा. त्याचा जडपणा, ऊब, वाफ, सगळं बोटांनी आणि नाकानं आठवायचं.

म्हणजे जगातल्या थोर थोर गुरूंना छळणारी गोष्ट आणि माझी खोड एकच, या आनंदात मी होते. तो आनंद एका चिनी नटानं घालवला.

मेइ लानफांग. स्त्रीभूमिका करणारा, म्हणजे आपल्या बालगंधर्वांच्या जातकुळीतला. १९३५ साली तो मॉस्कोला आला तेव्हा बघायला जर्मन नाटककार ब्रेख्त होता, रशियन दिग्दर्शक मेयरहोल्ड होता, सिनेमावाला आयझेनस्टाइन होता. ब्रेख्तनं नंतर लिहिलंय त्यात कोळ्याच्या पोरीचा एक प्रवेश आहे. ती होडी वल्हवते. होडी नाही, नदी नाही, हातात गुडघ्याएवढं एक वल्हं. पण प्रवाह वाढला की बघणाऱ्याला वळण दिसतं. आणि आपला तमाशा काय वेगळं करतो? मथुरेच्या बाजाराला निघालो म्हणायचं, मंचावर एक फेरी मारायची, आली मथुरा. आजवर एकाही प्रेक्षकानं एस्टीचं तिकीट मागितलेलं नाही. भरतमुनींनी तर लोकधर्मी, म्हणजे जगात असतं तसं, आणि नाट्यधर्मी, म्हणजे नाटकाच्या संकेतानं, असे दोन कप्पे करून हा वाद तेव्हाच मिटवला.

मग अख्खी नदी नसलेली मला चालते आणि घोटभर चहा नसलेला चालत नाही, हे काय?

विचार करून एवढंच हाती लागलं, की मेइ लानफांगनं होडी आणलीच नव्हती. सासूबाईंनी कप आणला होता. कप आणायचा, बशी आणायची, ट्रेवर क्रोशाचा रुमालसुद्धा घालायचा आणि तिथं येऊन कंटाळायचं. कपच नसता तर मी तो चहा निमूट प्याले असते.

ब्रेख्तला लोक 'हे नाटक आहे याची आठवण करून देणारा' म्हणून ओळखतात. पण वस्तूंच्या बाबतीत हा माणूस पक्का खोडकिडा. थाळी असो की पट्टा, हाताळून गुळगुळीत झालेली हवी. त्याची बायको हेलेन वायगेल आपली प्रॉपर्टी स्वतः निवडायची. १९४९ साली बर्लिनला तिनं ब्रेख्तच्याच नाटकातली 'मदर करेज' केली. शेवटी पोरगी मेलेली, पुरायला शेतकऱ्यांना पैसे द्यायचे. वायगेल कातडी बटव्यातनं नाणी काढते, मोजते, त्यातलं एक परत आत टाकते आणि बाकीचे देते. दुःख खरं, पण हिशेबही खरा. मास्तरांनी हे बघितलं असतं तर बाईंना गुळाची अख्खी ढेप पाठवली असती.

उलट बाजूही सांगायला हवी. खरा चहा आणि खोटी माणसं, हाही प्रयोग आपल्याकडे घरोघरी होतो. मुलगी बघायच्या कार्यक्रमात. ट्रेमधला चहा वाफाळता, आल्याचा, आणि खोलीतलं एकूण एक माणूस भूमिकेत. माझ्या मावसबहिणीच्या वेळी मुलाच्या वडिलांनी सवयीनं बशीत चहा ओतला. बायकोनं नुसतं बघितलं. त्यांनी तो चहा बशीतनं पुन्हा कपात ओतला, एक थेंब न सांडता. एवढं सुंदर काम मी रंगमंचावर फार कमी बघितलंय. लग्न जमलं नाही, ते सोडा.

हे सगळं ज्या थिएटरात शिकले ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, आमचं केशवराव. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती होती. ज्या पोरानं लहानपणी देवलांच्या शारदेत शारदा होऊन थिएटरं डोक्यावर घेतली, अठराव्या वर्षी ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली आणि एकतिसाव्या वर्षी जो गेलाही, त्याच्या नावाची वास्तू. रस्त्यावर शहरातले जुने नट उभे होते. स्पर्धा मारलेले, शिबिरं घेतलेले. रडायचं कसं हे दुसऱ्यांना शिकवलेली माणसं, आणि त्यांना हात कुठं ठेवावेत तेसुद्धा सुचत नव्हतं.

आता पुन्हा उभारणी चाललीय. होतं तसंच होणार म्हणतात. मास्तर ऐंशीच्या पुढे गेलेत, डोळ्यांनी कमी दिसतं, पण फोन करतात.

"कुठंवर आलंय गं काम?"

"चाललंय म्हणतात मास्तर."

"खुर्च्याबिर्च्या ऱ्हाऊ दे. विंगेत कपबशा ठेवायला फळी मारल्यात का?"

"मला काय ठावं मास्तर."

"मग जाऊन बघ की."

"बघून सांगतो," म्हटलं. अजून गेलेले नाही.