तुम्ही विचारलेत म्हणून : त्या कपाटांना पॉलिश का करत नाही?

ब्रसेल्सच्या आमच्या घरी गणपतीला येणारी मराठी मंडळी दर वर्षी हे विचारतात : "एवढे पैसे मोजून जुने लाकूडसामान आणता, मग एकदा चांगले पॉलिश तरी का करून घेत नाही?" ओकच्या टेबलावरचे शाईचे डाग आणि कडेने काळा पडलेला आरसा पाहून हा प्रश्न येतो, आणि आजवर मी "ते असेच असते" एवढे म्हणून वाटली डाळ वाढायला उठले आहे. यंदा मात्र पूर्ण उत्तर लिहीत आहे, कारण त्या प्रश्नामागे माझ्याविषयी निष्काळजीपणाचा जो संशय असतो, तो मला लागतो.

मी निष्काळजी नाही. इथल्या मारोल वस्तीत, झ्यू द बाल चौकात, 1873 पासून जुना बाजार भरतो आणि तो रोज भरतो. कोणी वृद्ध माणूस गेल्यावर घर रिकामे करताना निघालेले सामान तिथे दगडी फरसबंदीवर मांडलेले असते. मी विजेरी घेऊन जाते, प्रत्येक खण बाहेर काढून उलटा करते आणि त्याचे सांधे पाहते. हाताने कापलेले डव्हटेल सांधे, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे एकमेकांत अडकवलेले दाते, एकसारखे नसतात, तर पाठीच्या फळीवर कमानीसारखे ओरखडे असतील तर ती गोल करवतीने कापलेली, म्हणजे सहसा एकोणिसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची असते. खणाखाली ताजा, फिकट भुसा पडलेला दिसला की कीड जिवंत आहे असे समजून मी ती वस्तू कितीही देखणी असली तरी सोडून देते. एवढे सगळे बघणाऱ्या बाईला वरचा डाग दिसत नाही असे तुम्हाला खरेच वाटते का?

पण खरे उत्तर यात नाही. खरे उत्तर असे आहे की मी एकदा पॉलिश केले आहे.

2011 मध्ये त्याच चौकात मला लुई-फिलीप या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शैलीचे, चार खणांचे अक्रोडी कपाट 180 युरोंना मिळाले. त्याच्यावर बेल्जियममधल्याच सेंट-आन संगमरवराची करडी, पांढऱ्या रेषांची फरशी होती, आणि सर्वांत वरचा खण नक्षीच्या वळणात असा लपवला होता की प्रथम तो खण आहे हेच कळत नसे. विकणाऱ्या आजोबांनी मला दोनदा सांगितले, की याला फक्त मेण लावा. मी मान डोलावली. माझ्या मनात मात्र दिवाळीपूर्वी घरातले सगळे लाकूड चकाचक करणारे माझे माहेर होते, आणि तीन आठवड्यांनी सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होत्या. परक्या माणसांच्या हातांचा मळ साचलेले कपाट त्यांच्या कपड्यांसाठी द्यायला मला संकोच वाटत होता.

मी रंग उतरवण्याचे रसायन आणले. ते लावताच जुना थर फुगून काकवीसारखा ओघळू लागला, आणि मला त्याचा आनंद झाला, हे मला लिहिलेच पाहिजे. मग मशीनला पॉलिश पेपर लावून मी दोन दिवस घासत राहिले. तिसऱ्या खणाच्या उजव्या कडेला, बोटे धरून ओढण्याच्या जागी, एक उथळ खळगा पडला होता. मला तो दोष वाटला, म्हणून तो सपाट करायला मी तिथे जास्त वेळ घासले, तेव्हा अक्रोडाचे व्हिनिअर, म्हणजे वर चिकटवलेला पातळ लाकडी पापुद्रा, संपले आणि रुपयाच्या नाण्याएवढा फिकट ओक वर आला. अक्रोड वर्षानुवर्षांच्या उजेडाने मधासारखा पिवळसर होत जातो. मी घासून काढला तो नेमका तोच रंग, आणि खाली उरले ते थंड, राखाडी तपकिरी लाकूड. त्यावर मी पॉलियुरेथेनचे चकचकीत वार्निश दिले. सासूबाई म्हणाल्या, "अगदी नवे दिसते गं."

दोन वर्षांनी त्या ओकच्या डागासाठी मी एका दुरुस्ती-कारागिराला बोलावले. त्याने त्या कडेवरून अंगठा फिरवला आणि आधीचा फोटो आहे का असे विचारले. माझ्याकडे एकच होता : त्यात पुढे माझी मुलगी आहे, आणि मागे कपाट धूसर दिसते. ते जुने पॉलिश कशाचे होते हे सांगताना त्याने पिशवीतून लाखेचे नारिंगी पापुद्रे काढून दाखवले. स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने शेकडो वेळा फिरवायची ही लाख भारतातून येते, असे तो मलाच सांगत होता. पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरच्या किड्यांची ती लाख समुद्रापार येऊन त्या कपाटावर बसली होती, आणि मी ती खरवडून गटारात सोडली होती. मी त्याच्यासमोर रडले नाही. तो गेल्यावर रडले.

तेव्हाच्या मला दोष देणे सोपे आहे, पण तिची बाजूही आहे. बाजार उठल्यावर न खपलेली कपाटे त्या चौकात मोडून पडलेली मी पाहिली आहेत. हे कपाट तिने घरी आणले, आणि आजही सासूबाई आल्या की त्यांच्या साड्या त्यातच राहतात. शिवाय तो कारागीर असेही म्हणाला, की मी काढलेला थर पहिलाच असेल असे नाही, आधीच्या मालकांनीही तो कधीतरी नवा केला असेल. मग मी नेमके कोणत्या वर्षाचे रूप जपायला हवे होते? याचे उत्तर माझ्याजवळ नाही. एवढेच सांगते, की त्या खळग्यात कित्येक वर्षांची बोटे होती, आणि ती मला नको होती म्हणून मी काढली. आता रोज सकाळी तो खण ओढताना माझे बोट सपाट कडेवर पडते.

गणपती त्याच कपाटाच्या संगमरवरावर बसतो. चार वर्षांपूर्वी हळदीचे पाणी सांडून तिथे पिवळा डाग पडला, आणि पंचामृतातल्या दह्याने त्याच्या शेजारी दगडाची झिलई खाल्ली आहे. लेप लावून हळद बरीचशी निघेल, असे त्याच कारागिराने फोनवर सांगितले. त्याला अजून मी बोलावलेले नाही.