सीटी स्कॅन नॉर्मल आहे, मग खेळू दे ना?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कबड्डी आणि क्रिकेट खेळणारी शाळकरी मुलं माझ्याकडे येतात. डोक्याला मार लागला असेल तर पालकांच्या हातात रिपोर्ट असतो आणि प्रश्न ठरलेला असतो, “मॅडम, सीटी स्कॅन नॉर्मल आलाय. मग शनिवारची मॅच खेळला तर काय हरकत आहे?”

तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते. हरकत आहे.

कवटीला तडा गेलाय का, आत रक्तस्राव झालाय का, हे सीटी स्कॅन सांगतो. तसं काही नाही हे कळलं, फार बरं झालं. पण कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला मुका मार. त्यात बिघडतं ते पेशींचं काम. धक्क्याने पेशींमधल्या क्षारांचा तोल जातो, तो सावरायला मेंदूला जास्त ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी पडतो. यातलं काहीही त्या फिल्मवर उमटत नाही. ते मुलाच्या वागण्यात दिसतं.

एका सराव सामन्यात चढाई करणाऱ्या मुलाच्या कानशिलावर बचावपटूचा गुडघा बसला. कुणीतरी धावत कांदा आणला, कुणी तोंडावर पाणी मारलं. खरं तर त्याची शुद्ध गेलीच नव्हती. उठला, चड्डीची माती झटकली आणि मला विचारलं, “बोनस दिला का?” दिला, म्हटलं. पाणी प्यायला, बाटलीचं झाकण काही केल्या आट्यांवर बसेना, आणि पुन्हा तेच, “बोनस दिला का?” मागून वडील म्हणत होते, “काही होत नाही त्याला, मातीतलं पोरगं आहे.”

शुद्ध हरपली नाही म्हणजे विशेष काही नाही, हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध जातच नाही. शिवाय लक्षणं उशिरा येऊ शकतात. 4 डिसेंबर 2020 ला कॅनबेऱ्यात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या टी-20 सामन्यात, भारताच्या डावाच्या शेवटच्या षटकात मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर आदळला. जडेजा खेळत राहिला, 44 धावांवर नाबाद परतला. चक्कर येतेय हे त्याने सांगितलं ते ड्रेसिंग रूममध्ये गेल्यावर. बदली आलेल्या चहलने तीन बळी घेतले आणि सगळी चर्चा बदली खेळाडू योग्य की अयोग्य यावरच झाली. पालकांनी आणि प्रशिक्षकांनी त्यातून उचलायची गोष्ट वेगळी होती.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि ते सांगताना मला आजही जड जातं. ऑक्टोबर 2006 मध्ये वॉशिंग्टन राज्यातला झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात डोक्यावर आपटला. थोडा वेळ बाहेर बसला आणि उत्तरार्धात पुन्हा मैदानात उतरला. सामना संपल्यावर कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता, दाब कमी करायला कवटीचे भाग काढावे लागले. कित्येक महिने त्याला बोलता येत नव्हतं. त्याच्या नावाचा कायदा तिथे 2009 मध्ये झाला: कन्कशनचा संशय आला की मुलाला ताबडतोब बाहेर काढायचं, वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही, आणि पालकांनी दरवर्षी माहितीपत्रक वाचून सही करायची. पुढे अमेरिकेच्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले.

आपल्या मैदानांवर हे करायला कायद्याची वाट कशाला बघायची? संशय आला की बाहेर, आणि त्या दिवशी परत नाही. “खेळशील का?” असं मुलाला विचारूच नका, तो हो म्हणणारच. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, मानेत दुखणं, हातापायात अशक्तपणा, जागं करूनही न उठणं, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. नाहीतर एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी, मग हलकं चालणं. आधी शाळा पूर्ववत सुरू होऊ दे, खेळ नंतर. धावणं, मग एकट्याचा सराव, आणि पकडी-धक्काबुक्की डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस द्यायचा, त्रास वाढला तर मागे यायचं. मुलांना पूर्ण सावरायला चार आठवडेही लागतात.

जिल्ह्याची निवड, दहावीचे क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं आरक्षण, तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. ज्या घरात मुलाचा खेळ हीच आशा आहे, तिथे एक सामना सोडणं सोपं नसतं. म्हणून प्रशिक्षकांना माझा आग्रह असतो की हंगामाच्या पहिल्याच पालकसभेत हा नियम सगळ्यांसमोर सांगा, सामन्याच्या गरमागरमीत नको. आणि निवड चाचणी नेमकी त्याच आठवड्यात आली, तर डॉक्टरांचा कागद घेऊन निवड समितीकडे जा. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर मला सांगा, मी तुमच्याबरोबर येते.